पाटापासून तीस पावलं

१६ जानेवारी १९७०, शुक्रवार

ही वही माझ्या नातीची, चांगुणाची, चौथीची. निम्मी कोरी राहिली म्हणून तिनं मला दिली. प्रौढ वर्गात गुरुजींनी आम्हा अकरा बायकांना लिहायला शिकवलं, त्याला आठ वर्षं झाली. दहा जणी परत अंगठ्यावर आल्या, मी एकटी सही करते. गुरुजी सांगायचे, बोलायचं ते घरच्यासारखं बोला, लिहायचं ते पुस्तकासारखं लिहा. म्हणून तसं लिहिते आहे. नातीचा टाक फार शाई सोडतो, बोटं निळी झाली. सूनबाई म्हणाली, आत्याबाई, त्या हातानं पीठ नका मळू. बरं झालं, पीठ मळायचं वाचलं.

लिहायला बसले कारण आमच्या विहिरीला पाणी आलं.

ही विहीर चांगुणाच्या आज्यानं खणलेली. मी त्यांचं नाव घेत नाही, कागदावरही घेणार नाही, दुसऱ्या कोणी घेतलं तर लिहीन. हे पायाळू होते, म्हणजे जन्मताना पाय आधी आले. अशा माणसाला जमिनीतलं पाणी कळतं. अनवाणी चालायचे, तळहातावर नारळ आडवा धरायचे, पाणी असेल तिथं नारळ उभा राहायचा. धामणगाव बढ्यापासून इकडं एकवीस विहिरींच्या जागा यांनी सांगितल्या आणि एकवीसही लागल्या. पैसा घेतला नाही. नारळ आणि सुपारी, बस. घरात इतके नारळ असायचे की मी लग्नानंतर पहिली दोन वर्षं भाजीत खोबरंच घालत होते. सासूबाई म्हणायच्या, ही कोकणातली आहे का काय.

बाविसावी विहीर आमची. पंचेचाळीस हात खोल गेली आणि कोरडी निघाली. पुढं यांना कोणी बोलवेना. शेवटी एक माणूस मोताळ्याकडून आला होता, त्याचा नारळ यांनी परत करून टाकला, म्हणाले मले आता कळत नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले आणि पाय घसरला. पोलीस पाटलानं तसंच लिहून घेतलं. त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून त्या वावरात आम्ही पावसाची ज्वारीच घेतो आणि विहिरीकडं कोणी जात नाही.

काल बकरी तिकडं गेली म्हणून मी गेले. खडा टाकला तर डुबुक आवाज आला. मला वाटलं कान वाजले. परत टाकला, परत डुबुक. मी काठावर बसले आणि हसत सुटले. हातानं तोंड दाबलं तरी हसू थांबेना. शालिग्राम, म्हणजे माझा मुलगा, धावत आला. त्यानं आत पाहिलं. पोरगं पांढरं फटक पडलं होतं. इतका आनंद त्याला सोसला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

दोरीला दगड बांधून मोजलं. अठरा हात पाणी आहे. मी चव घेतली. गोड आहे, थोडी तंबाखूचीही वाटते. हे तंबाखू खायचे. सूनबाई म्हणते जुन्या काडीकचऱ्याची चव आहे. तिला यांची सवय नाही, लग्न होऊन आली तेव्हा हे नव्हते.

आता पाटाचंही लिहून ठेवते. धरण झालं, पाट आला, तिसरं वर्ष चालू आहे. आमच्या विहिरीपासून पाट तीस पावलांवर, माझी पावलं, शालिग्रामची बावीस. पाटाचं पाणी घ्यायचं तर अर्ज भरायचा, त्यात पीक लिहायचं. उसाचा दर सगळ्यात जास्त, गहू-मिरचीचा मधला, ज्वारीचा सगळ्यात कमी. पाणी किती घेतलं ते कोणी मोजत नाही, पीक मोजतात. हे मला फार गमतीचं वाटतं. लग्नात पानामागे पैसे लावायचे आणि जेवण कितीही वाढायचं, असं झालं. म्हणून वरच्या अंगाचे हिंमतराव गव्हाचा अर्ज भरतात आणि दिवसभर बारं, म्हणजे पाटाच्या पाण्याचं तोंड, उघडं सोडून बाजेवर झोपतात. त्यांच्या गव्हात बदकं पोहतील. आणि पाटाच्या शेपटाला आमची कलाबाई आणि तिचा नवरा दयाराम. गेली दोन वर्षं अर्ज त्यांनीही गव्हाचाच भरला, पाणी पोचतं तेव्हा वाफ्यात नुसता ओलसर डाग पडतो. दर मात्र तोच. यंदा ते म्हणतात, ज्वारीच टाकू, दर कमी आणि पाण्याची वाट पाहणं नाही.

आम्ही पाटाचं पाणी आजवर घेतलं नाही. शालिग्रामनं कधी अर्जच भरला नाही. आता तर घरचं पाणी आहे, अर्ज कशाला.

सूनबाईचं म्हणणं होतं की एवढ्याशा पाण्यावर हरभरा किंवा भाजी करावी. शालिग्राम म्हणाला, "ऊस लावतो."

ती म्हणाली, "मोटेवर? बैल मरतील."

"बाबाच्या विहिरीवर ऊसच होईन. साऱ्या गावाले दिसला पाह्यजे."

मला फार बरं वाटलं. ज्याला पाण्याची भीती नाही तोच ऊस लावतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऊस लागला, एक एकर. बेणं आणायला दोन दिवस गेले. मोट चालते तेव्हा मी लिंबाखाली बसून ऐकते. चौदा वर्षं त्या वावरात कावळ्याशिवाय आवाज नव्हता.

दुपारी सगळे जेवायला घरी आले की मी विहिरीवर जाते आणि यांच्याशी बोलते. वाकून बोललं की खालून उत्तर येतं. आवाज माझाच असतो, पण जरा जाड होऊन येतो. आज विचारलं, "आलात का?" खालून "का?" एवढंच आलं. मला हसू आलं. यांचं असंच होतं. विचारलं की उलट विचारायचे.

एक मात्र पाहिलं आहे. पाटाची पाळी चालू असते तेव्हा पाणी वीस हातांवर जातं, पाळी बंद झाली की आठ-दहा दिवसांत तीन-चार हात उतरतं. जानराव पाटकरी, म्हणजे पाटावर फिरून दारं उघडतो तो, त्याला मी हे सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "सुभद्रामाय, असं काऊन होते ते तुमाले समजलं नाई?" मी म्हटलं, समजतं ना. यांचा स्वभावच तसा. पाट वाहायला लागला की यांना चढाओढ वाटते. तो चहा न घेता गेला. आधी कधी गेला नव्हता.

६ मार्च, शुक्रवार. महाशिवरात्र

शालिग्रामचं आणि हिंमतरावांचं भांडण झालं. हिंमतराव पारावर म्हणाले म्हणे, "उकंडरावाची विहीर आमच्या गव्हाचं मूत पिऊन राह्यली." झालं, नाव लिहिलं गेलं, पण हिंमतरावांच्या तोंडून. शालिग्रामनं त्यांचा गळा धरला. माझा मुलगा जन्मात कोणाला टोचून बोललेला नाही. बैलालाही मारत नाही. चार माणसांनी सोडवला. घरी आल्यावर मी त्याला उपासाचं रताळं दिलं, त्यानं तसंच ठेवलं.

मला वाटतं उसाच्या कामाचा शीण आहे. तो हल्ली दुपारीही घरी येत नाही, विहिरीच्या काठावरच बसतो. त्यामुळं माझं यांच्याशी बोलणं राहून जातं. एकदा तर मी गेले तेव्हा तोच वाकून काही बोलत होता. मला पाहून उठला. म्हणाला, मोटेचा नाडा पाह्यत व्हतो. बापाशी बोलायला लाज कसली.

१८ मार्च, बुधवार

आज मोजणीदार साहेब आले. कोणाच्या वावरात काय पीक उभं आहे ते साखळीनं मोजून लिहितात, त्यावर पाण्याचा आकार बसतो. तरणा माणूस आहे, साताऱ्याकडचा. बोलतो फार सभ्य, सगळ्यांना अहो-जाहो, आमच्या बकरीलाही. त्यांनी विहिरीपासून पाटापर्यंत साखळी टाकली. मग कागद काढला आणि सांगितलं की विहीर हद्दीच्या आत आहे. पाटाच्या जवळच्या विहिरीतलं पाणी पाटातून झिरपलेलं धरतात, त्यालाही आकार आहे. पाटाच्या पाण्यापेक्षा कमी, पण पीक बघून. उभा आहे ऊस, म्हणजे उसाचा.

मी म्हटलं, "साहेब, ही विहीर पाटाच्या अकरा वर्षं आधीची हाये."

ते म्हणाले, "आजी, विहीर आधीची असेल. पाणी नंतरचं आहे."

ते वाक्य तसंच इथं लिहून ठेवते.

शालिग्राम म्हणाला, "अर्ज भरनार नाई. पानी आमच्या बाबाचं हाये."

जानराव मध्ये पडला. म्हणाला, बापू, गहू किंवा ज्वारी असती तर आकार हलका बसला असता, पुढच्या वर्षी पीक बदल, आता अर्ज भरून टाक, नाहीतर पंचनामा होईल आणि दंडाचा दर लागेल. शालिग्राम ऐकेना. तेव्हा साहेबच म्हणाले की पाडव्यानंतर पाट दुरुस्तीसाठी बंद होणार आहे, पावसाळ्यापर्यंत. तोवर थांबू. पाणी टिकलं तर मी स्वतः लिहून देतो की विहीर स्वतःच्या झऱ्याची आहे, आकार माफ. उतरलं तर अर्जावर सही करायची. वावर माझ्या नावावर आहे, म्हणून सही माझी.

चार माणसांसमोर शालिग्राम हो म्हणाला. मीही म्हणाले. मला तर खुशी झाली. सरकारी माणूस कागदावर लिहून देणार की यांचे पाय खरे होते. तेव्हा हसणारे सगळे अजून जिवंत आहेत, त्यांना वाचून दाखवता येईल. वाचून मीच दाखवीन.

७ एप्रिल, मंगळवार. पाडवा

वीस हात. गुढी विहिरीच्या काठावर उभारली. गाव बघत होतं. पुरणपोळी पहिली विहिरीत सोडली, ती बराच वेळ तरंगली.

१३ एप्रिल, सोमवार

पाट बंद झाला. जानरावानं सकाळी दार खाली टाकलं. पाळी नसली तरी पाटात थोडं पाणी खळखळायचं, ते थांबल्यावर कळलं की तो आवाज तीन वर्षं होता. आता पाटात डबकी आणि मासे. पोरांची चंगळ आहे. चांगुणानं फ्रॉकमध्ये धरून सहा मासे आणले आणि सुनेचा मार खाल्ला.

विहीर वीस हात. एक बोट कमी नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

अठरा.

२२ एप्रिल, बुधवार

तेरा हात. मी दोरीच्या गाठी दोनदा मोजल्या. मग चांगुणाला मोजायला लावल्या, तिचं गणित चांगलं आहे. तिच्याही तेराच आल्या.

शालिग्रामनं मोट सोडून ठेवली आहे. म्हणतो, उपसा केला तर पाणी उतरेल आणि साहेब म्हणेल उतरलं. म्हणून उसाला पाणी द्यायचं नाही. ऊस पिवळा पडतो आहे. विहिरीत पाणी आणि काठावर ऊस वाळतो, असं मी कुठं पाहिलं नाही. बैल उभ्या उभ्या माजले आहेत. सूनबाई म्हणाली, अहो, ज्याच्यासाठी पाणी ते तर जळून राह्यलं. त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की ती आत गेली.

मी त्याला जेवायला वाढते. अर्धी भाकरी उरवतो.

२९ एप्रिल, बुधवार

सहा हात.

कलाबाई आली होती. ज्वारीचा कडबा उरला तो आणून दिला, बैलांसाठी. चांगली बाई आहे, हिच्या सासऱ्यानंच विहीर खणायला सगळ्यात जास्त दिवस काम केलं होतं. जाताना दारात थांबली. म्हणाली, "सुभद्रामाय, शालिग्रामभाऊले एकट्याले विहिरीवर बसू नका देऊ."

मी म्हटलं, काऊन?

"मांगं जे झालं ते काही पाय घसरून झालं नाई. साऱ्या गावाले मालूम हाये. तुमालेही मालूम हाये."

मी तिला म्हटलं, पोलीस पाटलानं लिहिलेलं आहे. लिहिलेलं खोटं कसं असेल. ती गेली. मी दिवसभर तिच्यावर रागावले. कडबा मात्र बैलांना घातला.

आता लिहिताना वाटतं आहे की मी पण किती काय काय लिहिलं या वहीत. तंबाखूची चव लिहिली.

४ मे, सोमवार

शालिग्राम विहिरीत उतरला. दोन दिवस झाले. गुडघाभर पाणी राहिलं आहे, त्यात उभं राहून पहारीनं खणतो. म्हणतो, झरा इथंच आहे, बाबाचं दीड-दोन हातानंच चुकलं असेल. सकाळी उतरतो तो दिवस मावळल्यावर वर येतो. सोबत कोणाला घेत नाही. मी टोपली ओढते, सूनबाई ओढते. गाळ येतो, दगड येतात. बाजूची माती सारखी थोडी थोडी सुटते, वरून पाहिलं तर भिंतीतून भुगा पडताना दिसतो. हेही शेवटी एकटेच खणत होते. मजूर गेले, तरी दीड महिना एकटे. तेव्हाही टोपली मीच ओढायची.

वर आला की त्याच्या तोंडाला तसाच वास येतो. खोल मातीचा. मी त्याच्या डोक्यावर पाणी घालते आणि मला कळत नाही मी कोणाच्या डोक्यावर घालते आहे.

८ मे, शुक्रवार. आखजी

आज खूप लिहायचं आहे.

आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्यांच्या नावानं मातीची घागर भरून पुजतात. वर्षभर ते तेच पाणी पितात असं म्हणतात. चौदा वर्षं मी यांची घागर दुसऱ्यांच्या विहिरीवरून आणली. यंदा वाटलं होतं, यांच्याच विहिरीचं पाणी यांना. सकाळी नवी घागर घेऊन मी गेले. शालिग्राम खाली होता. ओरडून म्हणाला, माय, थांब, झऱ्याचं पाणी देतो, स्वच्छ येईल. मी थांबले. ऊन डोक्यावर आलं. बादली वर ओढली तर चिखल. परत सोडली, परत चिखल. तिसऱ्या वेळी बादलीत पाणीच नव्हतं, दोन दगड होते.

तेवढ्यात बाजूचा एक मोठा तुकडा सुटला आणि खाली पडला. धूळ वर आली. मी हाक मारली. उत्तर नाही. मग परत हाक मारली तेव्हा खालून खणण्याचा आवाज आला. बोलत नव्हता, खणत होता.

मी म्हटलं, "वर ये."

"येत नाई. बाबा इथंच व्हते माय. इथंच पडले व्हते. दगड तोच हाये."

माझं डोकं कुठून कोण जाणे चालायला लागलं. सूनबाईला म्हटलं, पळ, जानरावाला बोलाव, अर्जाचा कागद घेऊन ये म्हणावं. तो पाटावरच होता. कागद घेऊन आला, खिशात घडी करून कधीपासून ठेवला होता म्हणे. मी विहिरीच्या थारोळ्यावर, मोट रिकामी होते त्या दगडावर, कागद ठेवला आणि सही केली. सु-भ-द्रा-बा-ई. जानरावानं विचारलं, पीक काय लिहू. म्हटलं, ऊस उभा आहे तो ऊसच लिही.

मग वाकून सांगितलं, "शालिग्राम, मी सही केली. पानी पाटाचं हाये. तू हरला. आता वर ये."

पहार थांबली. मग तो रडायला लागला. विहिरीत माणूस रडतो तेव्हा चहूबाजूंनी रडणं येतं.

तो म्हणाला, "माय, तू बाबाले खोटं ठरवलं."

मी म्हटलं, हाव.

"खोटं त्यायले मीच म्हटलं व्हतं. आदल्या रोजी. मी म्हटलं, तुमचे पाय खोटे हायेत, लोकायले फसवलं तुमी, आमाले वावरात तोंड दाखवाची लाज वाटते. आन् दुसऱ्या रोजी ते..."

सतरा वर्षांचा होता तेव्हा. चौदा वर्षं हे त्याच्या पोटात होतं आणि मी त्याला जेवायला वाढत होते. आणि मी समजत होते की ऊस त्याला गावाला दाखवायचा आहे.

जानराव दोन पावलं मागं सरकला. सूनबाईनं तोंडात पदर घातला. मी विहिरीत वाकले आणि म्हटलं, "तुह्या बोलन्यानं काही झालं नाई. त्या रोजी सकाळी मी बोलले व्हते त्यायले. तुह्यापेक्षा वाईट बोलले व्हते. त्यायनं उडी घेतली ती माह्या बोलन्यानं. आता वर ये, नाईतर मीही येते खाली."

उडी हा शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढला.

तो वर आला. जानरावानं आणि सुनेनं दोर ओढला. घागर मी रिकामीच पुजली.

१० मे, रविवार

ऊस कापला. तुकडे करून वैरण केली, सगळ्या गावाची जनावरं दोन दिवस खातील. कलाबाईच्या घरी दोन भारे पोचवले. साहेबांना जानरावानं निरोप दिला, ते म्हणाले पीकच उभं नाही तर सध्या जेवढं झालं तेवढ्याचाच आकार बसेल. पुढं पाट सुरू झाला आणि विहीर भरली की ज्वारी आणि थोडा हरभरा करायचा, आकार झेपेल असा, आणि मोटेनं द्यायचं तेवढंच पाणी द्यायचं असं सुनेनं ठरवलं आहे. शालिग्राम नुसता हो म्हणाला. हिंमतराव बघायला आले होते. ऊस कापताना पाहून कोयता घेऊन दोन सऱ्या कापू लागले. माफी वगैरे कोणी मागितली नाही.

शालिग्राम ऊस कापतो पण जेवत नाही. पाणी पितो आणि बसतो.

१४ मे, गुरुवार

आज दुपारी तो ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. चांगुणाला बाहेर खेळायला पाठवलं.

म्हणाला, "माय, खरं सांग. तू खरंच बोलली व्हती त्यायले?"

मी म्हटलं, हाव.

"काय बोलली व्हती?"

मी सांगितलं. असं असं म्हटलं होतं, तुमच्यासोबत जन्म वाया गेला म्हटलं, आता घरात पाय ठेवू नका म्हटलं. सांगताना कुठं अडखळले नाही. तो माझ्याकडं पाहत होता. मला वाटलं आता हा माझ्याशी जन्मभर बोलणार नाही, आणि तेही मी धरूनच चालले होते. पण त्यानं माझा हात धरला. थोड्या वेळानं म्हणाला, माय, भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या, वर अर्धी मागून घेतली. मिरचीचा ठेचा संपवला. सूनबाई चुलीजवळ पाठ करून बसली होती, तिचे खांदे हलत होते.

तो झोपला तेव्हा मी विहिरीवर गेले. तळाशी वीतभर गढूळ पाणी उरलं आहे, हललं नाही. वाकून तुम्हाला हाक मारली नाही, म्हणून इथं लिहिते. तुम्ही ऐकलं असेल तर रागावू नका. पोरगं जेवत नव्हतं. मी त्या सकाळी तुम्हाला काय म्हटलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही वहाणा घालत होता आणि मी चुलीपुढून म्हटलं होतं, लवकर या, भाजी निवते. एवढंच म्हटलं होतं.